पुणेरी पलटणचे पराभूत हंगाम (२०१४ व २०१५)

प्रो कबड्डी लीग या व्यावसायिक स्पर्धेत पुणे शहराच्या नावाने उतरलेला पुणेरी पलटण हा संघ २०१४ व २०१५ या पहिल्या दोन्ही हंगामांत आठ संघांमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिला. कबड्डीचे नियम ज्या महाराष्ट्रात प्रथम बांधले गेले आणि पेण-रोहा परिसरासारख्या भागांत जेथे हा खेळ ग्रामजीवनाचे अंग आहे, तेथील एका प्रमुख शहराच्या संघाची ही स्थिती लक्षणीय होती. गावची कबड्डी व व्यावसायिक कबड्डी यांतील अंतर तिच्यामुळे स्पष्ट झाले.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात हा खेळ हुतूतू या नावाने रूढ होता. संजीवनी, गमिनी व अमर असे त्याचे प्रकार असून, पहिल्या दोहोंच्या मेळातून १९२१ मध्ये नियमांची एक चौकट तयार झाली. १९२३ मध्ये समिती नेमून तीत सुधारणा करण्यात आल्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाची प्रात्यक्षिके केली. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि १९५२ मध्ये मद्रास येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात या खेळाची मुळे खोल गेलेली आहेत. पेण तालुक्याचा खारेपाट आणि कुंडलिका नदीकाठचा रोहा तालुका हे भातशेतीचे प्रदेश होत. भाताची कापणी आणि झोडणी उरकली की खाचरे मोकळी होतात, शेतकऱ्यांना उसंत मिळते व गावोगावी कबड्डीची मैदाने तयार होऊ लागतात. माती चाळून, पाणी शिंपून व चोपून मैदान केले जाते. संघ बहुधा गावाच्या किंवा आळीच्या मंडळाचा असतो; खेळाडू एकमेकांचे भाऊबंद वा शेजारी असतात. त्यामुळे हार झाली, तर ती साऱ्या गावाची मानली जाते आणि तिची भरपाई पुढल्या वर्षी त्याच मुलांनी करावयाची असते.

व्यावसायिक स्पर्धा व लिलाव : २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झालेल्या लीगमध्ये मात्र संघाचे नाव शहराचे व खेळाडू लिलावातले, अशी रचना होती. पहिल्या लिलावात राकेश कुमार यास पाटणा संघाने १२.८० लाख रुपयांना घेतले. ती त्या वर्षीची सर्वाधिक बोली होती. अनुप कुमार यू मुंबाकडे, अजय ठाकूर बंगळूरकडे, तर जसवीर सिंग जयपूरकडे गेला. पुण्याचे नेतृत्व वझीर सिंग याजकडे होते. याउलट नीलेश शिंदे हा महाराष्ट्राचा खेळाडू बंगाल संघाचा कर्णधार झाला. सांगली जिल्ह्यातील काशिलिंग आडके दिल्लीकडून खेळला आणि २०१५ च्या हंगामात चढाईच्या गुणांत तो सर्वांत पुढे होता.

पराभवाचे स्वरूप : प्रत्येक संघास साखळीत १४ सामने खेळावयाचे होते. विजयास ५, बरोबरीस ३ आणि सात किंवा त्याहून कमी गुणफरकाने झालेल्या पराभवास १ गुण मिळे. अशा पद्धतीत थोडक्यात हरणारा संघही काही गुण मिळवू शकतो. परंतु पुण्याला तळाचे स्थान सोडता आले नाही.

कबड्डीत दुर्बळ संघ एकदम का कोसळतो, हे खेळाच्या घडणीवरून कळते. पकडला गेलेला चढाईपटू बाहेर बसतो आणि आपल्या संघाने प्रतिपक्षाचा खेळाडू बाद केल्याशिवाय त्याला परत येता येत नाही. खात्रीचा चढाईपटू नसेल, तर बाहेर बसलेल्यांची संख्या वाढत जाते, बचावाची साखळी तुटते आणि अखेर लोण चढून प्रतिपक्षास दोन जादा गुण मिळतात. शिवाय तीस सेकंदांची चढाई आणि लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्यावर तिसरीत गुण मिळवण्याची सक्ती, यांमुळे वेळ काढून सामना वाचविण्याचा मार्गही बंद झाला होता. मातीवरील खेळात मुरलेल्यांना मॅटवरील बूट घालून खेळण्याची गती नव्याने आत्मसात करावी लागते.

याच काळात शेजारचा यू मुंबा संघ २०१४ मध्ये उपविजेता व २०१५ मध्ये बंगळूरला ३६–३० असे नमवून विजेता झाला. म्हणजे एकाच राज्यातील दोन संघांपैकी एक शिखरावर व दुसरा तळाशी होता. मुंबईचा कर्णधार अनुप कुमार हा हरयाणाचा. यावरून या स्पर्धेतील जय किंवा पराजय हा त्या प्रदेशातील कबड्डीच्या बलाबलाचा सरळ निर्देशक नाही, असे म्हणता येते.

पुनर्बांधणी : तिसऱ्या हंगामासाठी (२०१६) संघाने मनजित छिल्लर आणि दीपक निवास हूडा यांना घेतले. मनजितच्या नेतृत्वाखाली तळाचा संघ एकदम तिसऱ्या स्थानी आला. मात्र विकत घेतलेले यश दर लिलावात पुन्हा विकत घ्यावे लागते. पुढे संघाने ‘युवा पलटण’ या नावाने तरुण खेळाडू घडविण्याची व्यवस्था उभी केली. २०२२ मध्ये संघ उपविजेता ठरला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरयाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून त्याने प्रथमच विजेतेपद मिळविले. प्रशिक्षक बी. सी. रमेश हे होते. अस्लम इनामदार हा कर्णधार, पंकज मोहिते व आकाश शिंदे हे महाराष्ट्रातील तरुण खेळाडू या संघात होते.

मूल्यमापन : महाराष्ट्राच्या पुरुष संघाने जानेवारी २०१८ मध्ये हैदराबाद येथे अकरा वर्षांनंतर राष्ट्रीय अजिंक्यपद पटकाविले, तेव्हा कर्णधार रिशांक देवाडिगा होता. पुढील राष्ट्रीय स्पर्धा जानेवारी २०१९ मध्ये रोहा येथे भरली. स्वतःच्या भूमीवर महाराष्ट्राला ते पद राखता आले नाही. विजेता भारतीय रेल्वेचा संघ ठरला. खेळाडूला नोकरी, नियमित सराव व सकस आहार देणाऱ्या संस्थेचे पारडे येथेही जड राहिले.

पेण-रोह्याच्या मातीतून चपळ मुले निघतात. पण सुगीनंतरच्या काही महिन्यांचा खेळ वर्षभराच्या शिस्तबद्ध तयारीला पुरा पडत नाही. पुणेरी पलटणने दोन हंगाम हरून हे जाणले व नंतर तरुणांच्या घडणीकडे लक्ष वळविले. परंपरा खेळाडूला जन्म देते, त्याला टिकविण्याचे काम मात्र व्यवस्थेलाच करावे लागते, हे या पराभवांचे ऐतिहासिक महत्त्व होय.