हजेरीपटातले शेख, पुस्तकांतले शेख

आठवीच्या वर्गाचा हजेरीपट उघडला की एक अडचण दरवर्षी येते. नुसतं ‘शेख’ म्हटलं की सात-आठ हात वर होतात, म्हणून आम्ही नावं आधी आणि आडनाव नंतर असं पुकारतो. यंदा मराठीच्या तासाला कवींची नावं वाचताना त्यातल्याच एका शेखने विचारलं, “सर, मराठीत शेख लोकांनी पुस्तकं लिहिलीत का?” वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. तो ज्या भाषेत प्रश्न विचारत होता, त्याच भाषेत आपल्या नावाचं कुणी असेल, याची त्याला खात्री नव्हती.

त्याला दिलेलं उत्तर इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी आडनावाबद्दल. ‘शेख’ हा मूळ अरबी शब्द. अर्थ वडीलधारा, वयाने किंवा मानाने मोठा. टोळीच्या प्रमुखाला शेख म्हणत, सूफी परंपरेत मुरीदांना वाट दाखवणाऱ्यालाही शेख म्हणत. म्हणजे हे आधी आडनाव नव्हतंच, तो मान होता. हिंदुस्थानात सय्यद, शेख, मोगल, पठाण अशी विभागणी रूढ झाली आणि इस्लाम स्वीकारलेल्या अनेक घराण्यांनी शेख हे नाव घेतलं. मराठवाड्यात आजही कितीतरी लोक शेख आधी आणि नाव नंतर लिहितात. तिथे हा शब्द अजून आपल्या जुन्या जागेवरच बसलेला आहे. म्हणून दोन शेख भेटले की ते एका रक्ताचे असतील असं समजू नये. त्यांच्यात समान असतो तो एक मानाचा शब्द.

मराठी ग्रंथांतला सर्वांत मोठा शेखही नावाच्या आधीच शेख आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद. सोळाव्या-सतराव्या शतकातले हे संतकवी. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ ओवीबद्ध आहे. त्यात माणसाच्या आत चाललेली लढाई सांगितली आहे: एका बाजूला काम, क्रोध, अहंकार यांचं सैन्य आणि दुसऱ्या बाजूला विवेक. ‘पवनविजय’ आणि ‘निष्कलंकप्रबोध’ हेही त्यांचेच. चांद बोधले हे त्यांचे गुरू मानले जातात. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी त्यांना श्रीगोंद्यात आश्रय दिला, असं परंपरा सांगते. वारकरी त्यांना कबीराचा अवतार मानतात.

या कवीने आपला जन्म लपवला नाही. तो स्वतःला सरळ ‘अविंध’ म्हणवून घेतो, म्हणजे कान न टोचलेला, मुसलमान. आणि ईश्वराकडे जायला हा जन्म आड येत नाही, हेही ठामपणे सांगतो. दगडाच्या देवापुढच्या अंधश्रद्धेवर त्याने जसं कोरडं ओढलं, तसं ढोंगी पीर-फकिरांवरही ओढलं. म्हणूनच तो आज दोन्हीकडच्या कट्टर माणसांना अडचणीचा वाटतो. त्यांच्या स्थानाला मंदिर म्हणायचं की दर्गा, यावरून भांडणं होतात. भांडणाऱ्यांपैकी ‘योगसंग्राम’ किती जणांनी उघडला असेल, असा प्रश्न मला पडतो. वा. सी. बेंद्रे यांनी या कवीचं साहित्य कष्टाने संपादित केलं, रा. चिं. ढेरे यांनी आणि यू. म. पठाण सरांनी मुसलमान संतकवींवर लिहिलं. आपल्या घरांत मात्र ही पुस्तकं क्वचित दिसतात. ‘हे आपलं नाही’ असं म्हणणारे तिकडे आहेत, तसे आपल्यातही आहेत.

दुसरी शेख अशी, जिने लिहिलेलं एकही पुस्तक आपल्या हाती नाही. फातिमा शेख. फुले दांपत्याला घर सोडावं लागलं, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली आणि त्यांची बहीण फातिमा मुलींच्या शाळेच्या कामात उतरली, ही हकिकत आपण ऐकत आलो आहोत. २०२५च्या जानेवारीत या बाईच मुळात काल्पनिक आहेत असा दावा झाला आणि मोठा गदारोळ उठला. त्या दिवसांत माझ्या फोनवर शिव्यांनी उत्तर देणारे संदेशच जास्त आले. खरं उत्तर एका पत्रात होतं. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी आजारपणात नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र त्यांच्या समग्र वाङ्मयात छापलेलं आहे. आपण नसल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचं त्यात लिहिलं आहे.

या पत्रात आडनाव नाही, जन्मतारीख नाही, पदवी नाही. आहे तो एका सहकारी बाईवरचा भरवसा. मला तो पुरेसा वाटतो. आपण मात्र या एका ओळीवर समाधान न मानता तारखा, पुतळे, पराक्रम जोडत गेलो. विरोधकाने त्यातली एक वीट काढली की सगळी भिंत पाडल्याचा आनंद त्याला मिळतो. ज्यांचा इतिहास आधीच तुटपुंजा लिहिला गेला, त्यांनी तर पुराव्याला अधिक जपायला हवं.

तिसरे शेख जन्माने शेख नव्हतेच. बार्शीत १९१६ साली जन्मलेल्या मेहबूब हुसेन पटेल यांनी नाव घेतलं अमर शेख. बसवर क्लीनरचं काम केलेला, गिरणीत राबलेला हा माणूस अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकात उभा राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदानं भरली. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह. ते कम्युनिस्ट होते. त्यांना ‘आपल्या समाजाचे’ म्हणून मिरवताना ही गोष्ट गाळून चालणार नाही. पण मराठी राज्यासाठी घसा फाटेपर्यंत गाणाऱ्याचं नाव शेख होतं, हीदेखील कुणाला गाळता येणार नाही. १९६९ साली अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

चौथी शेख त्यांची मुलगी, मल्लिका. नामदेव ढसाळांशी लग्न झाल्यावरही पुस्तकावर नाव राहिलं मल्लिका अमर शेख. वडिलांचं सबंध नाव तिने आडनावासारखं धरलं. ‘वाळूचा प्रियकर’ने ती कवी म्हणून पुढे आली आणि १९८४च्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या आत्मकथनाने मराठी वाचकाला अस्वस्थ केलं. बाहेर क्रांतीची भाषा बोलणाऱ्या घरात बाईच्या वाट्याला काय येतं, हे तिने कुणाचीही भीड न ठेवता लिहिलं. वडिलांवरही तिने लिहिलं आहे.

एकाला हे नाव मान म्हणून मिळालं, एकीच्या आठवणीला ते चिकटलं, एकाने ते निवडलं आणि एकीने ते सोडलं नाही. यातलं बापलेकीचं नातं वगळलं तर कुणी कुणाचं नात्याचं नाही. चौघांचे विचारही एकमेकांशी जुळणारे नाहीत. तरी चौघांपर्यंत आपल्याला नेणारी भाषा मराठीच आहे. मी उर्दूही शिकवतो आणि उर्दूवर माझं प्रेम आहे. पण मुसलमानाची भाषा उर्दूच आणि मराठी परक्यांची, ही समजूत मुलांच्या मनात आपणच पेरतो, मग तक्रार करतो की मराठी साहित्यात आपण दिसत नाही.

तासाच्या शेवटी मी फळ्यावर चार नावं लिहिली. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने ती वहीत उतरवून घेतली आणि पाचवा आकडा घालून पुढची जागा रिकामी ठेवली. तिथे काय लिहिणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, “सर, अजून ठरलं नाही.” दुसऱ्या दिवशी त्याने शाळेच्या ग्रंथालयात ‘योगसंग्राम’ मागितला. नव्हता. माझ्याकडची प्रत दिली आहे. अवघड जाईल, ओवीला अडखळेल. पण प्रत त्याच्या दप्तरात आहे.