पॉलियुरेथेन आणि डहाणू-तलासरीची सीमा

एखाद्या पदार्थाचा इतिहास म्हणजे शोधक, पेटंट आणि कारखाना यांचा क्रम, असे मानण्याचा प्रघात आहे. डहाणू व तलासरी या तालुक्यांपुरता तरी हा क्रम अपुरा ठरतो. पॉलियुरेथेन येथे पोहोचले ते वापराच्या वाटेने; रासायनिक निर्मितीला मात्र येथे कायद्यानेच मर्यादा घातली.

इ. स. १९३७ मध्ये जर्मनीतील लेव्हरकूझेन येथे ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनी डायआयसोसायनेट आणि पॉलिओल यांच्या संयोगातून हा पदार्थ सिद्ध केला. त्याचे नाव थोडे फसवे आहे. युरेथेन नावाचे जुने संयुग त्यात कच्चा माल म्हणून वापरले जात नाही. रेणूंतील दुव्याच्या घडणीवरून ते नाव पडले. १९५०नंतरच्या दशकात स्वस्त पॉलिओल उपलब्ध झाले आणि मऊ फोम गाद्यांत, कठीण फोम शीतपेट्यांच्या भिंतींत शिरला. कठीण फोम फुगविण्यासाठी वापरलेल्या वायूंनी ओझोनच्या थराला धोका निर्माण केला. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने वर्ज्य झाले. भारताने त्यांपैकी एचसीएफसी-१४१बी हा वायू १ जानेवारी २०२० पासून बंद केला.

मऊ फोमला लागणारे टोल्युईन डायआयसोसायनेट फॉस्जीन या विषारी वायूच्या साहाय्याने तयार होते. भारतात त्याचे उत्पादन गुजरातेत, भरूच जिल्ह्यात होते. १९८४ साली भोपाळात गळालेला मिथाइल आयसोसायनेट कीटकनाशकासाठी होता, फोमसाठी नव्हे. तथापि दोन्ही संयुगे एकाच कुळातील होत.

१९६० साली राज्यांची विभागणी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले. पुढे सीमेपलीकडे उंबरगाव व वापी येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. अलीकडे २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला. उद्योगांचे प्रदूषणानुसार तीन वर्ग केले, त्यांना कमाल ५०० एकर जागा ठेवली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा सांगितला. लगतचे तलासरी त्या पट्ट्याच्या कक्षेत आले. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. बहुवारिकांचा येथे रुजलेला धंदा साधा आहे : रबराच्या चिकात साचे बुडवून फुगे करण्याचा.

बाजारातील भाषा या अंतराची साक्ष देते. गादी घेणारा 'फोम' म्हणतो, शीतपेटी करणारा 'पफ' म्हणतो. 'आयसोसायनेट' हा शब्द कारखान्याच्या फाटकाबाहेर क्वचितच पडतो. वापराचे नाव निर्मितीचा धोका झाकून टाकते. म्हणून डहाणू वाचले, एवढे म्हणून इतिहासकाराला थांबता येत नाही. येथे टळलेला धोका अन्यत्र कोणाच्या तरी दाराशी आहे, हेही नोंदविले पाहिजे.

३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. १९९१ ची सीमा यापुढे किती टिकते, यावर या प्रदेशाच्या औद्योगिक इतिहासाचे पुढील प्रकरण अवलंबून राहील.