पाटणे येथील महेश्वर मंदिर

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी असलेले 12 व्या शतकातील शिवालय. 1906 मध्ये खानदेशाची विभागणी होईपर्यंत हा मुलूख धुळे हे मुख्य ठाणे असलेल्या जिल्ह्यात मोडत असे. काळ्या दगडाचे, चुन्याविना सांधलेले हे देऊळ सर्रास हेमाडपंती म्हटले जाते आणि त्याचे श्रेय यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याकडे जाते. शिलालेखाचा पुरावा त्याविरुद्ध आहे. शके 1075 (इ.स. 1153) च्या लेखानुसार निकुंभ घराण्यातील इंद्रराजाने मंदिराचे काम सुरू केले आणि त्याच्या निधनानंतर मुलाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या राणी श्रीदेवीने ते तडीस नेले. हेमाद्रीचा काळ त्यानंतर शंभर वर्षांनी येतो. निकुंभ हे यादवांचे मांडलिक होते, तेव्हा मंदिरही यादवांचेच, असे कोणी म्हणेल. पण 1153 मध्ये खुद्द यादव चालुक्यांचे मांडलिक होते. हे देऊळ खानदेशातल्या घराण्याने, एका विधवा राणीच्या कारकिर्दीत उभे केले, हेच खरे.

अशा धर्मस्थानांचा योगक्षेम कसा चाले, हे पाटण्याच्याच शके 1128 च्या लेखातून कळते. भास्कराचार्यांचा नातू आणि सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापला आणि निकुंभ सोइदेवाने त्याला उत्पन्न लावून दिले. डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणलेल्या या लेखाचा मराठी भाग फार मोलाचा आहे. गिऱ्हाइकाकडून दरबारी जाणारा बाजाराचा कर मठाला मिळावा, दर घाण्यामागे पळीभर तेल यावे, माल मठाच्याच मापाने मोजला जावा, अशी त्यात तरतूद आहे. हा लेख मठाचा आहे, महेश्वराचा नाही, त्यामुळे मंदिराचे उत्पन्न त्यावरून ठरवता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु देणारे घराणे तेच आणि गावही तेच; येथील धर्मादायाची रीत त्यातून नक्की दिसते. दान राजाचे असले तरी तेल तेल्याचे आणि पैसा गिऱ्हाइकाचा होता. युरोपात गावचे चर्च शेतकऱ्याच्या दशांशावर चाले. पाटण्याचा मठ पेठेवर चाले. ती पेठ मोडली. महेश्वर मंदिर आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत आहे.