बॅक ऑफिसमधून प्रायव्हेट इक्विटीकडे

नागपूर विद्यापीठातून वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या अनेकांची पहिली नोकरी पुणे, मुंबई वा हैदराबाद येथील एखाद्या वित्तीय कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये सुरू होते. परदेशी फंडांचे हिशेब ठेवणे, बँकेच्या नोंदींशी त्यांचा ताळमेळ घालणे, दिवसअखेर निव्वळ मालमत्ता मूल्य काढून देणे, असे हे काम. पगार वेळेवर होतो, कामाला शिस्त लागते. चार-पाच वर्षांनंतर मात्र एक प्रश्न डोके वर काढतो. ज्या गुंतवणुकीचे हिशेब आपण ठेवतो, ती करायची की नाही हे ठरवणाऱ्यांच्या बाजूला आपल्याला जाता येईल का? जाता येते, पण ही वाट सरळ नाही, आणि शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत ती जितकी सोपी दिसते तितकी तर नाहीच.

शेअर बाजारात नोंदणी न झालेल्या कंपन्यांचे भागभांडवल विकत घ्यायचे, काही वर्षे त्या कंपनीच्या वाढीत लक्ष घालायचे आणि नंतर तो हिस्सा अधिक किमतीला विकून बाहेर पडायचे, हा प्रायव्हेट इक्विटीचा व्यवसाय. भारतात स्थापन होणारे असे फंड सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमावलीखाली येतात आणि बहुधा तिच्या दुसऱ्या श्रेणीत मोडतात. त्यांत गुंतवणूकदाराला सर्वसाधारणपणे किमान एक कोटी रुपये गुंतवावे लागतात. फंड व्यवस्थापकाच्या कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा २५ लाखांची आहे. पैसा एकदम घेतला जात नाही. आधी वचन घेतले जाते आणि कंपन्या सापडतील तसतशी रक्कम मागवली जाते. व्यवस्थापकाला दरवर्षी सुमारे दोन टक्के शुल्क, आणि गुंतवणूकदारांना ठरलेला किमान परतावा दिल्यानंतर उरलेल्या नफ्यात वीस टक्के वाटा, असा जगभरचा प्रघात आहे. या वाट्यालाच 'कॅरी' म्हणतात.

गंमत अशी की, भारतातील बॅक ऑफिस उद्योगाच्या वाढीत प्रायव्हेट इक्विटीच्या पैशाचा वाटा मोठा आहे. ब्रिटिश एअरवेजचा विभाग म्हणून १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली आणि पुढे पुणे-नाशिकपर्यंत पसरलेली डब्ल्यूएनएस ही कंपनी २००२ मध्ये वॉरबर्ग पिंकस या फंडाच्या ताब्यात गेली आणि २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदली गेली. जनरल इलेक्ट्रिकच्या भारतातील बॅक ऑफिसचा साठ टक्के हिस्सा जनरल अटलांटिक आणि ओक हिल यांनी सुमारे ५० कोटी डॉलरना घेतला. तीच आजची जेनपॅक्ट. 'खर्च वाचवणारा विभाग' म्हणून जो दुर्लक्षिला जात होता, त्याच्यात स्वतंत्र धंदा पाहण्याची दृष्टी या व्यवहारांमागे होती.

नेमकी हीच दृष्टी बॅक ऑफिसचे काम शिकवत नाही. तिथे आकडा बरोबर आहे की चूक, एवढेच पाहायचे असते आणि शून्य चूक हा आदर्श असतो. गुंतवणुकीच्या बैठकीत आकडा बरोबर आहे हे गृहीत धरलेले असते. चर्चा होते ती हा नफा टिकेल का, प्रवर्तक अडचणीच्या काळात कसा वागेल, पाच वर्षांनी हा हिस्सा कोण विकत घेईल, या प्रश्नांवर. आणि या प्रश्नांची ताळमेळ घालण्याजोगी उत्तरे नसतात. दहांपैकी दोन-तीन गुंतवणुका फसणार हे धरूनच फंड चालतो. अनेक वर्षे अचूकतेसाठी शाबासकी मिळवलेल्या माणसाला अर्धवट माहितीवर मत देणे जड जाते. मुलाखतीत अनेकजण अडखळतात ते याच ठिकाणी, एक्सेलमध्ये नव्हे.

तरीही फंडाचे हिशेब ठेवणाऱ्याकडे एक भांडवल असते, आणि त्याची त्याला स्वतःलाच पुरेशी जाणीव नसते. रक्कम कधी मागवली, परतफेड कोणत्या क्रमाने झाली, कॅरी कधी सुरू झाली, हे त्याने प्रत्यक्ष मांडलेले असते. गुंतवणुकीचे पैसे तिप्पट झाले हे ऐकायला छान वाटते. पण ते पाच वर्षांत झाले तर वार्षिक परतावा सुमारे २४.६ टक्के पडतो आणि आठ वर्षे लागली तर १४.७ टक्केच. किमान परतावा आठ टक्क्यांचा असेल, तर हा विलंब व्यवस्थापकाच्या खिशालाही कसा लागतो, हे नव्या एमबीएला समजावून सांगावे लागते. फंडाच्या हिशेबनीसाला ते आधीच ठाऊक असते.

थेट उडी क्वचितच साधते. फंडांचे गुंतवणूक विभाग अगदी लहान असतात आणि भरती प्रामुख्याने इन्व्हेस्टमेंट बँका, सल्लागार कंपन्या व नामवंत व्यवस्थापन संस्थांतून होते. म्हणून मधला एक मुक्काम आवश्यक ठरतो. लेखापाल संस्थांतील मूल्यांकन आणि खरेदीपूर्व आर्थिक तपासणीचे विभाग हा सर्वात खात्रीचा, आणि चार्टर्ड अकाउंटंटसाठी तर नैसर्गिकच. क्रिसिल, इक्रा यांसारख्या पतमानांकन संस्थांत कंपनीबद्दल मत बनवून ते लेखी मांडण्याची सवय लागते. तिसरा मार्ग खुद्द फंडाच्या लेखा विभागातून गुंतवलेल्या कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या गटात आणि तिथून गुंतवणूक विभागात जाण्याचा. तो संथ आहे. पण फंड लहान असेल तर शक्य होतो.

सीएफए परीक्षेचा उपयोग आहे, आणि २०२५ पासून तिच्या तिसऱ्या टप्प्यात खासगी बाजारांचा स्वतंत्र पर्यायही आला आहे. फंडाच्या मुख्य गुंतवणूक चमूत एनआयएसएमची विहित परीक्षा उत्तीर्ण झालेली किमान एक व्यक्ती असणे सेबीने बंधनकारक केले आहे. मात्र या परीक्षांनी अर्ज वाचला जातो, एवढेच. निवड होते ती कंपनी वाचण्याच्या कौशल्यावर.

इथे नागपूरकरांना घराजवळच अभ्यासाचे साहित्य आहे. नागपूरच्या हल्दीरामचे उदाहरण घ्यावे. दिल्ली आणि नागपूर या दोन्ही शाखांचे खाद्यपदार्थ व्यवसाय एका कंपनीत आणले गेले. त्यात नागपूरच्या कुटुंबाचा वाटा ४४ टक्के. कुटुंबाने नियंत्रक हिस्सा विकावा यासाठी मोठ्या परदेशी फंडांची बोलणी झाल्याच्या बातम्या होत्या. प्रत्यक्षात २०२५ मध्ये सिंगापूरच्या टेमासेकला अल्प हिस्सा दिला गेला आणि तोही, प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार, कंपनीचे मूल्य सुमारे दहा अब्ज डॉलर धरून. नियंत्रण न मिळताही गुंतवणूकदार एवढी किंमत का देतो? दोन शाखा आधी एकत्र आणणे का गरजेचे होते? या दोन प्रश्नांवर चार पानांचे टिपण लिहिणे हा कोणत्याही वर्गापेक्षा चांगला सराव आहे.

सोलार इंडस्ट्रीज ही नागपूरची स्फोटके बनवणारी कंपनी २००६ मध्ये बाजारात नोंदली गेली. तिचे वार्षिक अहवाल कोणालाही वाचता येतात. कोळसा खाणी तिच्या मोठ्या ग्राहक, आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालयही याच शहरात. पुढे ती संरक्षण उत्पादनाकडे का वळली, हे मुंबईत बसलेल्या विश्लेषकापेक्षा इथल्या माणसाला लवकर उमगावे. नोंदणी नसलेल्या कंपन्यांचे ताळेबंदही कंपनी निबंधकाकडे शुल्क भरून पाहता येतात. हिंगणा वा बुटीबोरीतील दोन-तीन कंपन्या अशा निवडून वाचणाऱ्याकडे मुलाखतीत सांगण्याजोगे स्वतःचे काही असते. बाहेरचे भांडवल घेऊ पाहणाऱ्या अशा एखाद्या कंपनीच्या वित्त विभागात नोकरी करणे, हा तर विदर्भातून फारसा न वापरला गेलेला मार्ग आहे. गुंतवणूकदार काय विचारतात हे तिथे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने दिसते.

खर्चाचा विचार आधीच करावा. मधल्या मुक्कामावर पगार बहुधा वाढत नाही, प्रसंगी कमी होतो. कॅरी प्रामुख्याने वरिष्ठांना आणि तीही अनेक वर्षांनी मिळते. नोकरी सोडून दोन वर्षांचे एमबीए करायचे, तर शुल्काबरोबर बुडालेला पगारही मोजायला हवा. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०२२ मध्ये मिहानमधील स्वतःच्या परिसराचे उद्घाटन झालेल्या आयआयएम नागपूरमध्ये नोकरी सांभाळून करण्याचे अभ्यासक्रमही आहेत. मात्र गुंतवणूक विभागातील प्रवेशासाठी कोणत्या अभ्यासक्रमाचा किती उपयोग झाला, हे तिथून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांनाच विचारावे. गृहकर्ज घेण्यापूर्वी, तिशीच्या आत हा बदल करणाऱ्यांना तो सोपा जातो. पस्तिशीनंतर निघणाऱ्याने फंडाच्या वित्त प्रमुखपदाचाही गंभीरपणे विचार करावा. त्या पदावर बॅक ऑफिसचा अनुभव थेट उपयोगी पडतो आणि गुंतवणूक समितीच्या बैठकाही जवळून पाहायला मिळतात.