खर्ड्याची रात्र आणि तालमीतली माती

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातले खर्डा हे गाव आपल्याला शाळेच्या पुस्तकात एका ओळीपुरते भेटते : ११ मार्च १७९५, मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. मला मात्र त्या दिवसापेक्षा त्याच्यामागून आलेली रात्र अधिक विचार करण्याजोगी वाटते.

बळाची वाण दोन्हीकडे नव्हती. नाना फडणवीसांनी शिंदे, होळकर, भोसले यांना एकत्र आणले होते. परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती होते. शिंद्यांच्या कवायती पलटणी पेरोंच्या हाताखाली, तर निजामाच्या रेमंड या फ्रेंच सरदाराच्या हाताखाली होत्या. दिवसाच्या लढाईत भाऊ स्वतः जखमी झाले. भोसल्यांचे बाण आणि पेरोंच्या तोफा यांपुढे मोगल घोडदळ पांगले. रेमंडच्या पलटणी तरीही टिकून होत्या; पण निजामाने माघारीचा हुकूम दिला.

त्या रात्री मराठ्यांची एक लहानशी तुकडी घोड्यांसाठी पाणी शोधत एका ओढ्यावर आली. तिथे असलेल्या मोगलांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. आवाजाने दचकून उठलेल्या रेमंडच्या शिपायांनी अंधारातच बार काढले. झाले! साऱ्या छावणीत घबराट उडाली आणि निजामाने खर्ड्याच्या भुईकोट किल्ल्याचा आसरा घेतला. पाठोपाठ वेढा पडला. तीन कोटी रुपये, दौलताबादचा किल्ला आणि दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हवाली करण्याचे कबूल करून त्याला तह करावा लागला.

बंदुका होत्या, कवायत होती. ऐन वेळी धीर सुटला. हा धीर शिकवता येतो का? आपल्या तालमींचे उत्तर ‘येतो’ असेच आहे. जोर-बैठका काढून दमलेल्या गड्यासमोर वस्ताद ताज्या दमाचा जोडीदार उभा करतो. छाती भात्यासारखी हलत असताना डाव आठवायचा असतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. खांबावर डोके खाली, पाय वर असताना पडण्याची भीती वाटतेच. पण तिची ओळख रोज थोडी थोडी होत जाते. भीती जात नाही, ती सवयीची होते.

शिंद्यांच्या पलटणींनी हे १८०३ साली लासवारीला दाखवून दिले. बरेच युरोपी अधिकारी आधीच सोडून गेले होते. तरी गोलंदाज तोफांपाशीच लढत मेले. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण या शिपायांची तारीफ खुद्द जनरल लेकने केली.

खर्ड्यानंतरची एक हकीकत ग्रँट डफने नोंदवली आहे. विजयाच्या आनंदात विशीतले सवाई माधवराव खिन्न दिसले. नानांनी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, की मोगल लाजिरवाणेपणे शरण आले आणि आपले लोक कष्टाविना मिळालेल्या जयाची फुशारकी मारताहेत. दोन्हीकडची ही अधोगती पाहून वाईट वाटते. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. मराठ्यांची सारी सरदारमंडळी पेशव्याच्या निशाणाखाली पुन्हा अशी एकत्र आली नाहीत.

आज आपण मुलांना कराटेच्या वर्गाला किंवा तालमीत घालतो आणि पट्टा कोणता, पदक कोणते, हे विचारतो. माझे सांगणे एवढेच, की दमल्यावर, हरल्यावर तो पुन्हा उभा राहतो का, हेही वस्तादांना एकदा विचारावे.