शिणाचा हिशेब

देवनार म्हटले की मुंबईकरांस 1927 पासून तेथे साचत गेलेले कचऱ्याचे डोंगर आठवतात, आणि फार तर 1971 सालचा कत्तलखाना. त्याच देवनारात 1954 पासून टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिचा जन्म 1936 चा, नागपाड्यातला. मजुरांचे कल्याण हा तिच्या शिक्षणक्रमातील जुना विषय. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टाने 500 वा अधिक मजूर असलेल्या कारखान्यांस कल्याण-अधिकारी नेमणे भाग पाडले, तेव्हा तो विषय शिकविणारी शाळा मुंबईत अगोदरच उभी होती. परंतु मजुराचा शीण म्हणजे काय आणि तो मोजावा कसा, हा प्रश्न या संस्थेहूनही अर्धशतकाने जुना आहे; आणि त्याचा इतिहास पाहू लागले असता एक चमत्कारिक योग नजरेस येतो.

1884 च्या सप्टेंबरात परळास गिरणी-कामगारांच्या सभा भरल्या. नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचे पुढारी. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, ‘दीनबंधु’चे संपादक, आणि गिरणीत नोकरी करून तेथील जिणे डोळ्यांनी पाहिलेले. साडेपाच हजार सह्यांचा जो अर्ज सरकारी चौकशी-मंडळापुढे गेला, त्यात मागण्या पाचच होत्या. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेच्या आत हाती पडावा. आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन, व जन्माचा अपंग झालेल्यास निर्वाहाची सोय व्हावी. पगाराचे कलम सोडता बाकीची चारही कलमे शरीरासंबंधीची आहेत. या अर्जाचा गौरव पुष्कळ झाला. पण त्यात शरीरशास्त्र किती आहे, इकडे फारसे कोणी पाहिले नाही असे आम्हांस वाटते.

त्याच 1884 च्या सुमारास इटलीतील तुरिन शहरी आंजेलो मोस्सो नावाचा अध्यापक शिणाचे माप घेण्याचे यंत्र सिद्ध करीत होता. हात फळीस बांधावा, मधल्या बोटास दोरी, दोरीस काही किलोंचे वजन. ठरलेल्या ठेक्यावर बोट वाकवावे आणि प्रत्येक उचल काजळी धरलेल्या कागदावर उमटावी. रेघा प्रथम उंच येतात, मग खुज्या होत जातात, आणि शेवटी बोट हलेनासे होते. प्रत्येक माणसाची उतरण निराळी. मोस्सोचा सहकारी माज्जोरा विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा घेऊन आला, तेव्हा त्याच्या बोटाची शक्ती नेहमीपेक्षा लवकर सरली. आमच्या परीक्षक-बंधूंस याचे नवल वाटण्याचे कारण नाही. पण याच माज्जोराचा दुसरा एक निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. तीस उचलींनी पुरते थकलेले बोट पूर्ववत होण्यास दोन तास लागत. पंधरांवरच थांबविले तर एक तास लागावा, असा आपला व्यवहारी हिशेब. प्रत्यक्षात अर्धा तास पुरे होई. काम निम्मे केले की विसावा चौथाईवर येतो! थकल्या स्नायूकडून ओढून काढलेले शेवटचे काम थोडे असते आणि त्याची किंमत जबर पडते.

मोस्सोचा शिणावरील ग्रंथ 1891 साली निघाला. स्नायू का थकतो याची उपपत्ती पुढे पालटली. हिल व मायरहॉफ यांस 1922 चे नोबेल पारितोषिक स्नायूंवरील संशोधनासाठीच मिळाले. त्या काळी लॅक्टिक आम्लावर जो दोष येई, त्यातील बराचसा आता फॉस्फेट आणि कॅल्शियम यांच्या घडामोडींकडे जातो. उतरणीच्या रेघा मात्र खोट्या ठरल्या नाहीत.

इकडे गिरणगावाने तुरिनची वाट पाहिली नाही. रविवारची सुट्टी गिरणी-मालकांनी 10 जून 1890 रोजी मान्य केली. पुरुषांचा दिवस कायद्याने 1911 साली 12 तासांचा, 1922 साली 11 चा, 1934 साली 10 चा झाला, आणि 1946 साली आठवडा 48 तासांवर आला. जखमी मजुराचे कलम सर्वांत मागे राहिले. भरपाईचा कायदा 1923 चा. पण पैसा हाती आला म्हणून लुळा पडलेला हात चालू लागत नाही. त्या हातास पुन्हा कामाला लावण्याचे शास्त्र घेऊन हाजी अलीची अखिल भारतीय संस्था उभी राहिली, ती 1955 साली. अर्जानंतर 71 वर्षांनी!

सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे 48 तास कायम आहेत, असे तिचे समर्थन. बेरीज तीच राहते, हे खरे. तुरिनचा प्रयोग एका बोटावरचा, त्यावरून साच्यावर उभ्या असलेल्या माणसाचे अखेरचे गणित मांडू नये, हेही आम्हांस मान्य आहे. तथापि शीण बेरजेने वाढत नाही, एवढे तर त्या एका बोटाने दाखविलेच. बाराव्या तासाचा शीण दुसऱ्या दिवशीच्या सुट्टीने फिटतो असे ज्यांचे म्हणणे असेल, त्यांनी तो आधी मोजून दाखवावा.

देवनारच्या डोंगरावर भंगार वेचून पोट भरणाऱ्यांस तर 1881 पासून 1948 पर्यंतच्या एकाही फॅक्टरी ॲक्टाने स्पर्श केला नाही. त्यांचा मालक कोण, हेच कायद्यास सांगता येत नव्हते.