बग भलत्याच मॉड्यूलमध्ये

तारीख १ जून १८८९, शहर पॅरिस. तिथल्या बायोलॉजी सोसायटीच्या सभेत ७२ वर्षांचे एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. नाव ब्राउन-सेकार. कोणी ऐरागैरा नव्हे. मज्जारज्जूवरच्या कामामुळे त्यांचं नाव डॉक्टरांच्या पुस्तकांत आजही आहे. त्यांनी सांगितलं, की कुत्र्याच्या आणि गिनिपिगच्या वृषणांचा अर्क मी स्वतःला टोचून घेतला आणि मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटतंय. जिना धावत चढता येतो, तासन्‌तास काम होतं, लघवीची धारसुद्धा लांब जाते. (धार मोजली होती बरं का. शास्त्रज्ञ तो शास्त्रज्ञच!)

सभेतले काही जण हसले, पण बाजार हसला नाही. अर्काच्या बाटल्या धडाधड विकल्या जाऊ लागल्या. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच पद्धतीने अर्क बनवून पाहिला. त्यात टेस्टोस्टेरॉन इतकं कमी निघालं, की त्याचा काही परिणाम होणं शक्यच नव्हतं. हे हार्मोन पाण्यात जेमतेम विरघळतं. थोडक्यात, म्हातारबुवांना तरुण केलं ते त्यांच्या विश्वासाने.

तर मंडळी, वय वाढलं की पुरुषाचं 'तिथलं' काम का मंदावतं, या प्रश्नाचा हा इतिहास. आपल्या भाषेत सांगायचं तर बग दिसत होता, पण पन्नासेक वर्षं सगळे एकाच मॉड्यूलमध्ये शोधत बसले: ग्रंथी!

व्हिएन्नाच्या श्टाइनाख यांनी शुक्रवाहिनी बांधायचं ऑपरेशन सुचवलं. शुक्राणूंचा रस्ता बंद केला, की ग्रंथी जास्त हार्मोन बनवेल असा हिशोब. आपण ज्याला नसबंदी म्हणतो, जवळजवळ तेच, पण तारुण्यासाठी. १९२३ साली फ्रॉइडने ते करून घेतलं, अर्थात कॅन्सरला आळा बसेल या आशेने. १९३४ साली कवी येट्सने वयाच्या ६८ व्या वर्षी लंडनमध्ये करून घेतलं. तिकडे पॅरिसमध्ये व्होरोनॉफ नावाचे सर्जन १९२० पासून माकडांच्या वृषणाचे काप श्रीमंत म्हाताऱ्यांना बसवत होते. माकडांना कोणी विचारलं नव्हतं.

१९३५ साली खरं टेस्टोस्टेरॉन वेगळं काढता आलं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवताही आलं. आता तरी सुटला ना प्रश्न? नाही. ज्यांच्या शरीरात हार्मोन खरोखरच कमी होतं त्यांना फायदा झाला. बाकी बहुतेकांची ताठरतेची तक्रार होती तिथेच राहिली. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला: सगळं मनात आहे, मन मोकळं करा.

याच काळात एक काम मात्र नीट झालं. अमेरिकेत सेंट लुईसला मास्टर्स आणि जॉन्सन यांनी वयस्क माणसांची प्रत्यक्ष मोजमापं घेतली आणि १९६६ साली छापली. उत्तेजना यायला वेळ जास्त लागतो, नुसत्या विचाराने काम होत नाही, स्पर्श लागतो, वीर्यपतनाचा जोर कमी होतो आणि पुढच्या वेळेपर्यंतचं अंतर वाढतं. पण तब्येत बरी असेल तर हे सगळं बंद पडत नाही. म्हणजे स्लो होणं हा बग नाहीच, ते वयाचं नॉर्मल वागणं आहे.

खरा बग सापडला तो रक्तवाहिन्यांत. १९८३ साली लास व्हेगासला यूरॉलॉजिस्टांच्या परिषदेत ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी भाषणाआधी हॉटेलच्या खोलीत लिंगात रक्तवाहिन्या सैल करणारं इंजेक्शन घेतलं, आणि भाषण चालू असताना पॅंट उतरवून परिणाम श्रोत्यांना दाखवला. समोर डॉक्टर सहकुटुंब बसलेले. :) किस्सा चावट असला तरी मुद्दा पक्का होता. मनात काही नसलं तरी चालतं. स्नायू सैल पडले आणि रक्त आत आलं, की काम झालं.

१९९४ साली बोस्टन परिसरातल्या ४० ते ७० वयाच्या सुमारे १,३०० पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. कमीजास्त तक्रार असलेले निघाले ५२ टक्के. सोबत मधुमेह, ब्लडप्रेशर, हृदयविकार हीच मंडळी वारंवार. १९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत व्हायग्राला परवानगी मिळाली. हे औषध मुळात हृदयाच्या दुखण्यासाठी तपासलं जात होतं, हा काही निव्वळ योगायोग नाही. नळ तेच, फक्त जागा वेगळी.

आणि इथेच आपला संबंध येतो. लिंगाच्या धमन्या साधारण १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४ च्या. कचरा साचू लागला की बारीक नळ आधी तुंबतो. म्हणूनच पन्नाशीच्या आसपास सुरू झालेली ही तक्रार कित्येकदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी येते. सर्व्हर पडायच्या आधी लॉगमध्ये वॉर्निंग यावी, तशी.

ही वॉर्निंग आपल्याकडे वाचतं कोण? रेल्वेलाइनच्या भिंतींवरच्या 'शर्तिया इलाज'वाल्या जाहिराती, नाहीतर ओळखीच्या केमिस्टकडून गुपचूप आणलेली गोळी. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट घेणाऱ्याने ही गोळी घेतली, तर ब्लडप्रेशर एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. आणि नुसती गोळी घेऊन काम भागलं, की शुगर-कोलेस्टेरॉल तपासायचं राहूनच जातं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे बाबा साठीच्या आसपास असतील. ते हे तुमच्याशी बोलणार नाहीत, तुम्हीही विचारणार नाही, आपली घरं तशीच आहेत. पण पुढच्या हेल्थ चेकअपला त्यांना डॉक्टरांसमोर पाच मिनिटं एकटं बसू द्या. आपण बाहेर थांबायचं. एवढं तर जमेल ना?